मिठाचा काय संबंध?

वेदना थांबवण्यासाठी 'सोडियम रोखणारी' गोळी निघाली, हे ऐकल्यावर पहिली शंका येते ती स्वयंपाकघरातली: मग मीठच कमी खाल्लं तर? नाव फसवं आहे, त्यामुळे शंका चुकीची असली तरी वेडगळ नाही. चेतापेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि विजेची लहर पुढे सरकते. औषध हे दार अडवतं. जेवणातलं मीठ कमी केल्याने रक्तदाबाला फायदा होईल, गुडघ्याला नाही.

ही कल्पना नवी आहे, हाही गैरसमजच. दाढ काढताना डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते बहुधा लिडोकेन असतं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते 1943 मध्ये तयार केलं, आणि तेही हीच दारं बंद करतं. पण सरसकट. या दारांचे नऊ प्रकार आहेत: 1.4 क्रमांकाचं स्नायूंत, 1.5 हृदयात, तर 1.7, 1.8 आणि 1.9 ही मुख्यतः वेदना वाहणाऱ्या नसांत. जबड्यापुरतं सगळं बधीर केलं तर चालतं, अंगभर तसं केलं तर हृदयाचा ठोकाच अडेल. म्हणून 'निवडक' औषध हवं, आणि नऊ दारांची घडण इतकी मिळतीजुळती की खरी अडचण तिथेच येते.

"जनुक सापडलं की औषध मिळालंच" हा समज तर संशोधकांचाही होता. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. (वेदना नसणं हे वरदान वाटणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.) केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने त्याच्याशी नात्याने जोडलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. या घरांतल्या अशा मुलांमध्ये जनुकातल्या बिघाडामुळे 1.7 चं दारच निकामी असल्याचं 2006 मध्ये त्यांनी दाखवलं. औषध कंपन्या धावल्या. अनेक रेणू बनले, माणसांवर तपासले गेले आणि एकामागून एक निष्प्रभ ठरले. एक कारण 2015 मध्ये लंडनमधल्या संशोधकांना दिसलं. जन्मतः हे दार नसलेल्या एका स्त्रीला त्यांनी अफूवर्गीय परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं, तेव्हा तिला वेदना जाणवली. म्हणजे दार नसलं की शरीर स्वतःचीच अफू जास्त वापरत असावं. चाळिशीत घेतलेली गोळी ही जन्मभराची तजवीज कुठून करणार?

शेवटी यश आलं ते 1.8 च्या दाराशी. व्हर्टेक्स कंपनीच्या सुझेट्रिजीनला अमेरिकेत 30 जानेवारी 2025 रोजी मान्यता मिळाली. 1.8 चं दार मेंदूबाहेरच्या वेदनेच्या नसांत असतं, त्यामुळे अफूवर्गीय औषधांसारखी चटक लागण्याची भीती नाही. दाढेच्या इंजेक्शनसारखी बधिरताही येत नाही. पण 'मॉर्फीनला मागे टाकणारी गोळी' वगैरे मथळे सोडून द्या. पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय मान्यता आहे ती अचानक उद्भवलेल्या, थोड्या दिवसांच्या वेदनेसाठी. सायटिकासारख्या दुखण्यावरच्या चाचणीत दहाच्या मोजपट्टीवर वेदना साधारण दोनने उतरली, आणि खोट्या गोळीनेही जवळपास तेवढीच.

आपल्याकडचा एक गैरसमज मात्र रोजच्या व्यवहारातला आहे. दात घासताना, वारा लागताना चेहऱ्यात वीज चमकावी अशी कळ येते, आणि डॉक्टर कार्बामाझेपीन लिहून देतात. औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगतं, "ही तर फिटची गोळी!" रुग्णाला वाटतं, डॉक्टर चुकले. ते चुकलेले नसतात. सोडियमचीच दारं रोखणारं हे जुनं औषध त्या कळेवर पहिल्या पसंतीचं आहे. निवडक नसल्याने ते मेंदूतली दारंही रोखतं. गुंगी, चक्कर येते ती त्यामुळे. आणि याच गोळीने काहींच्या रक्तातलं सोडियम खरोखर उतरतं. पण ते दारं बंद झाल्यामुळे नाही, शरीरात पाणी साठून राहिल्यामुळे. डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात ते यासाठीही.