०.१.० ची गोष्ट

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. त्यामुळे मी मराठीत लेख लिहिणार म्हटल्यावर घरी सगळे हसले. शुद्धलेखन आईने तपासलंय, म्हणजे चुका सापडल्या तर त्या तिच्या! विषय मात्र माझा आहे. आपला छोटासा प्रोग्रॅम जगात कोणालाही एका ओळीत इन्स्टॉल करता येईल असा कसा ठेवायचा, आणि ठेवल्यावर काय होतं?

प्रोग्रॅम अगदी किरकोळ होता. पावसाळ्यात अख्ख्या कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती?" ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. मी पायथॉनमध्ये पन्नासेक ओळींचं टूल लिहिलं. टर्मिनलवर आधीची आणि आत्ताची पातळी टाइप करायची, की ते सांगणार पाणी चढतंय की उतरतंय आणि धोक्याला किती बाकी आहे. खिडकी नाही, बटण नाही, नुसती कमांड. (एक गंमत लिहितानाच कळली. पायथॉनला '४१' असे देवनागरी आकडे दिले तरी तो त्यांचा बरोबर नंबर करतो. मला वाटलेलं त्यासाठी वेगळा कोड लागेल!)

असं टूल मित्राला पेनड्राइव्हवर देता येतं, पण अनोळखी माणसाला कसं देणार? त्यासाठी पॅकेज रजिस्ट्री असते. पायथॉनची पायपीआय, जावास्क्रिप्टची एनपीएम, रस्टची क्रेट्स. आपण 'पिप इन्स्टॉल' म्हणतो तेव्हा सामान पायपीआयवरूनच येतं.

तिथे टाकायला कोडपेक्षा कोडच्या भोवतीचंच काम जास्त. 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' नावाच्या फाइलमध्ये नाव, व्हर्जन, लायसन्स आणि कोणती कमांड टाइप केली की कोणतं फंक्शन चालेल ते लिहायचं. नाव आधी कोणी घेतलेलं नसावं. कॅपिटल-स्मॉल किंवा डॅश-अंडरस्कोअर बदलून चालत नाही, रजिस्ट्री ते एकच धरते. लायसन्स विसरू नका. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. लायसन्स नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमचेच राहतात, आणि दुसऱ्याला तो वापरायची परवानगीच मिळत नाही. मी एमआयटी लायसन्स लावलं.

मग 'बिल्ड' चालवलं की दोन फायली तयार होतात, आणि 'ट्वाइन' त्या अपलोड करतं. २०२४ पासून पायपीआयवर टू-फॅक्टर सक्तीचं आहे, आणि अपलोडला पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं. टोकन चुकून कोडबरोबर गिटहबवर गेलं तर कोणीही तुमच्या नावाने काहीही अपलोड करू शकतो, तेव्हा सांभाळा. रंगीत तालमीसाठी टेस्ट-पायपीआय अशी वेगळी साइटसुद्धा आहे. मी ती वापरली नाही. घाई!

रात्री अकराला ०.१.० अपलोड झालं. मी होस्टेलभर नाचले.

चौथ्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन. तिचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, घरात गणपतीच्या मूर्तींचं काम. पुराचं पाणी त्या भागात शिरतं, म्हणून पातळी वाढली की मूर्ती वर हलवाव्या लागतात. तिने टूलला सकाळची पातळी ४१.२ दिली आणि दुपारची ४१.१०. टूल म्हणालं, "पाणी उतरतंय."

चूक तुमच्या लक्षात आली असेल. आपण फूट आणि इंचाच्या मध्ये टिंब देतो. ४१.२ म्हणजे ४१ फूट २ इंच, ४१.१० म्हणजे ४१ फूट १० इंच. पाणी आठ इंच चढलेलं! माझ्या टूलने मात्र त्याला दशांश समजून ४१.१० चं ४१.१ केलं, आणि ते ४१.२ पेक्षा कमी. मी टेस्ट करताना सगळे आकडे ९ इंचाच्या आतलेच घेतले होते.

पहिला विचार आला, गुपचूप ती फाइल बदलून टाकू. जमत नाही! पायपीआयवर फाइल डिलीट करता येते, पण त्याच नावाची फाइल पुन्हा कधीच चढवता येत नाही. तेव्हा मला राग आला होता, आता पटतं. काल घेतलेलं ०.१.० आणि आज घेतलेलं ०.१.० वेगळं निघालं तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि डिलीट करणंही साधं नसतं. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं, तर त्यावर अवलंबून असलेले जगभरातले प्रोजेक्ट बिल्ड होईनात. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियम कडक केले.

यावर पायपीआयचा उपाय म्हणजे 'यँक'. आपलं हे मासिक एकदा छापलं की परत घेता येत नाही, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतात, साधारण तसंच. व्हर्जन जागेवर राहतं, पण पिप ते आपणहून उचलत नाही. नेमकं तेच मागितलं तरच देतं, आणि वर इशारा दाखवतं.

मी फूट आणि इंच वेगवेगळे घेणारं नवीन व्हर्जन लिहिलं. टिंब दिलं की आता ते सरळ नकार देतं. वापरायची पद्धतच बदलली, म्हणून नंबर ०.१.१ न देता ०.२.० दिला. या वेळी आधी टेस्ट-पायपीआय, आणि टेस्टमध्ये १० आणि ११ इंच दोन्ही.

मैत्रिणीकडे नुकसान काही झालं नाही. तिच्या आजोबांनी सकाळीच पाणी डोळ्यांनी बघून मूर्ती माळ्यावर चढवायला घेतल्या होत्या. लॅपटॉपला त्यांनी विचारलंच नव्हतं. ०.१.० अजून रजिस्ट्रीवर आहे, माझ्या नावासकट. यँकचं कारण लिहायला तिथे एक रकाना असतो. त्यात मी लिहिलंय: "इंचांना दशांश समजते. चढत्या पाण्याला उतरते म्हणते. वापरू नका."