धनी कोण आणि मुभा कुणाला?

श्रोतेहो, देहूरोड हे लष्करी छावणीचे गाव. फाटक, पहारेकरी आणि पास या गोष्टी इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. लिनक्स या संगणकप्रणालीचा कारभारही असाच चालतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ती सुरू केली. तिची ही शिस्त मात्र त्याआधीच्या युनिक्स प्रणालीपासून चालत आलेली आहे.

समजा, शाळेच्या संगणकात गुणपत्रकांची डिरेक्टरी आहे. गुरुजी गुण भरू लागतात, तो ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर येते. मग कुणीतरी सुचवतो, ‘७७७ करून टाका!’ काम होते खरे, पण त्या संगणकावर खाते असलेला कुणीही आता ते गुण पुसू शकतो.

तेव्हा आधी हिशेब समजून घेऊ. प्रत्येक डिरेक्टरीला एक मालक, एक गट आणि उरलेले इतर असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत शिरण्याचा १. ही बेरीज तिघांसाठी वेगवेगळी. ७५० म्हणजे मालकाला सर्व मुभा, गटाला वाचणे व शिरणे, इतरांना काहीच नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीत शिरण्याची मुभा हवी. बाहेरच्या फाटकावरच अडवले, तर आतल्या खोलीचा पास काय कामाचा? दुसरे असे की, फाइल पुसण्याचा अधिकार सामान्यतः फाइलवरून नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरून ठरतो.

आता दुरुस्ती. जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा पाहतो ना? तसे ‘एलएस’ या आज्ञेला ‘उणे एलडी’ जोडून मालक कोण ते पाहा. पुष्कळदा तिथे ‘रूट’, म्हणजे मुख्य कारभारी, दिसतो; कारण डिरेक्टरी त्याच्या नावाने केलेली असते. तसे असल्यास ‘सुडो’ लावून ‘सीएच-ओन’ या आज्ञेने मालकी गुरुजींकडे आणि गट शिक्षकांकडे द्या. मग ‘सीएच-मॉड’ने डिरेक्टरीला ७५० आणि आतल्या फाइलींना ६४० द्या. फाइलीत शिरायचे नसते, म्हणून तो १ तिथे नको.

‘मोठा आर’ जोडला की आज्ञा आतल्या सगळ्यांवर चालते. म्हणून तो वापरताना डिरेक्टरीचे नाव दोनदा वाचा. चुकून नुसती तिरपी रेघ राहिली, तर सबंध यंत्राची मालकी बदलेल, बरे का!