दुकानासाठी छोटी एसयूव्ही घेताय? आधी हे चार हिशेब करा

सीझन चांगला गेला की दुकानदारांचा एक प्रश्न हमखास येतो: "नेक्सॉन घेऊ, ब्रेझा घेऊ की व्हेन्यू?" गाडीची फीचर्स शोरूमवाला सांगेलच. पण ती तुमच्या गल्ल्याला झेपते का, हे तुम्हालाच काढावं लागतं. म्हणून वही-पेन घ्या.

१. हप्ता विक्रीत मोजा

समजा ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता येतो साधारण १६,६०० रुपये. तुमचं मार्जिन २० टक्के असेल, तर नुसता हा हप्ता काढायला महिन्याला ८३,००० रुपयांची जादा विक्री हवी. इंधन, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. विक्री वाढली नाही, तर हप्ता मालाच्या पैशातून जाणार. मग ऐन दिवाळीत रॅक रिकामे आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात!

२. "फर्मच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो"

हा सल्ला सर्रास दिला जातो, पण दुकानदाराच्या प्रवासी गाडीला तो लागू होत नाही. ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंतच्या गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. अपवाद आहेत ते गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूल यांच्यासाठी. १० लाखांच्या गाडीत १८ टक्क्यांनी सुमारे दीड लाख जीएसटी असतो. तो खर्चच धरा.

फायदा मिळतो तो घसाऱ्याचा. पेट्रोल-डिझेल गाडीवर वर्षाला १५ टक्के, आणि पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. घरच्या वापराचा वाटा त्यातून वजा होतो. तुम्ही अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरत असाल, तर घसारा वेगळा दाखवता येत नाही. आधी सीएला विचारा, मग बुकिंग करा.

३. लांबी आणि इंजिन, दोन्ही बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल-सीएनजीत १२०० सीसी किंवा डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. दोन्हीपैकी एक अट मोडली की ४० टक्के. नेक्सॉन पेट्रोल ११९९ सीसी, म्हणून १८. ब्रेझा ४ मीटरच्या आतच आहे, पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून ४०. क्रेटा तर लांबीतच बाहेर जाते. अर्थात कर म्हणजे किंमत नव्हे, तुलना कायम ऑन-रोड किमतीची करा.

४. तुमचा माल आत बसतो का?

टेस्ट ड्राइव्हला जाताना दुकानातले दोन मोठे खोके सोबत न्या. मागची सीट पाडून ते ठेवून बघा. सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघाच. काही गाड्यांत एकच मोठी टाकी जवळपास सगळी डिकी खाते, काहींत दोन छोट्या टाक्या खाली बसवून जागा वाचवलेली असते. वाशी-तुर्भे रोजचं असेल तर सीएनजीचं गणित जमू शकतं. महिन्यातून चार फेऱ्या असतील तर जादा किंमत वसूल व्हायला वर्षं लागतील.

आता शेवटचं काम. गेल्या तीन महिन्यांची टेम्पोभाड्याची बिलं काढा. एपीएमसीतून माल आणायला महिन्याला ५-६ हजारच जात असतील, तर एसयूव्हीचा खर्च दुकानावर टाकू नका. भाडं खरंच मोठं असेल, तर टाटा एससारखी मालवाहू गाडीही यादीत घ्या. तिच्यावर नियमित जीएसटी भरणाऱ्याला क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्याला मात्र नाही.

घरच्यांसाठी एसयूव्ही हवी असेल, तर जरूर घ्या. कष्ट केलेत, हक्क आहे तुमचा. फक्त तिचा हप्ता तुम्ही दुकानातून घरी नेता त्या रकमेतून भरा, मालाच्या पैशातून नको.