डुलकीभराची दुरुस्ती

आमच्या सोफ्यामागच्या भिंतीवर एक उभी रेघ आहे. सोफा पुढे ओढला तरच दिसते. रेघेच्या डावीकडचा रंग एका मंगळवारचा, उजवीकडचा पुढच्या रविवारचा. डबा तोच, रोलर तोच, हातही माझाच. पण त्या मंगळवारी धाकटा पाऊण तास झोपेल असा माझा हिशोब होता, आणि तो बाविसाव्या मिनिटाला उठला. भिंत अर्ध्यात सुटली. इमल्शनची ओली कड एकदा वाळली की तिच्यावर चढणारा पुढचा हात थर दुप्पट करतो, आणि ती जागा कायमची उमटते. कुठल्याही रंगाऱ्याला हे ठाऊक असतं. आम्हाला ते रेघेने शिकवलं.

पुण्यातली बावीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, रीसेलमध्ये घेतलेली दोन बेडरूमची जागा. चार वर्षांची मोठी, नऊ महिन्यांचा धाकटा, नोकरी दोघांनाही. अशा घरात दुरुस्त्या आपल्या हाताने करायला घेणं हा शहाणपणा नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “एक माणूस बोलवा की. असा किती घेईल?” प्रश्न रास्त आहे. परदेशात मजुरी परवडत नाही म्हणून लोक हातात करवत धरतात. आपल्याकडे ते कारण फारसं चालत नाही. सुट्टीचे दिवस खर्चून, साहित्य वाया घालवून आपण रंगवलेली खोली बहुतेक वेळा कारागिराने रंगवलेल्या खोलीपेक्षा स्वस्त पडत नाही.

कारण वेगळं आहे. रंगाऱ्याला खोली चार दिवस पूर्ण रिकामी लागते, आणि रांगणारं मूल असलेल्या दोन बेडरूमच्या घरात ती देणार कुठून? दिवाळीच्या तोंडावर तो “उद्या येतो” म्हणतो तो उद्या भाऊबीजेनंतर उगवतो. आणि किरकोळ कामांना तर कोणी येतच नाही. चार भोकं पाडायला, एक बिजागरी बदलायला, सिंकखालची गळकी बाटली आवळायला कोण जिने चढणार? घरातलं निम्मं काम असं किरकोळच असतं.

मग आम्ही कामं निवडायला लागलो, आणि तिथे पहिली चूक केली: सोपं कोणतं आणि अवघड कोणतं, अशी यादी केली. लहान मूल असलेल्या घरात ही वर्गवारी कुचकामी आहे. खरा प्रश्न एवढाच, की हे काम या क्षणी हातातून टाकून देता येईल का? दाराला पॉलिश पेपर मारणं कंटाळवाणं आहे, पण कुठल्याही मिनिटाला थांबवता येतं. नळाचा वॉशर बदलणं पोरखेळ आहे, पण मुख्य कॉक बंद करून नळ उघडा पडलेला असताना बाळ रडलं, तर घरभर पाणी बंद. सिमेंट कालवणं याहून वाईट. साध्या पोर्टलँड सिमेंटला पाणी लागल्यावर ते अर्ध्या तासाच्या आत घट्ट व्हायला लागू नये अशी भारतीय मानकाची अट आहे. त्यानंतर मात्र ते डुलकी संपायची वाट पाहत नाही. एम-सीलचंही तेच.

रंगाच्या कामात थांबण्याची जागा म्हणजे कोपरा. एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका बैठकीत झाली, की पुढची पंधरा दिवसांनी घेतली तरी जोड दिसत नाही. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरा. चारही भिंती मिळून 44 फुटांचा घेर, म्हणजे 440 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा केल्या तर साधारण 380. आकडा धडकी भरवतो. पण त्यातली आखूड भिंत जेमतेम 100 फुटांची असते, आणि तिचा एक हात एका चांगल्या झोपेत बसतो. झोप मध्येच मोडली तर रोलर धुवायला धावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवा न राहील असा गच्च गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशीही मऊ असतो. लांबी भरणं, घासणं, प्रायमर आणि रंगाचे दोन हात मिळून आमच्या एका खोलीला पाच आठवडे लागले. त्या पाचही आठवड्यांत आम्ही त्याच खोलीत झोपत होतो.

आता आवाजाचं. दुपारी बाळ झोपतं तेव्हाच आपण मोकळे, आणि नेमकी तेव्हाच अख्खी इमारत झोपलेली. पुण्यात एक ते चार या वेळेत ड्रिल चालवणाऱ्या माणसाबद्दल काय बोललं जातं, ते इथे छापता येणार नाही. कायदा त्या मानाने सौम्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं वापरायला 2010च्या दुरुस्तीने बंदी घातली. म्हणून कामांची विभागणी आवाजावर करावी लागते. घासणं, टेप चिकटवणं, रंगवणं हे बाळाच्या झोपेत. ठोकणं आणि भोकं पाडणं हे मोठी बालवाडीत आणि धाकटा आजोबांबरोबर खाली पारावर असताना, सकाळी दहा ते साडेबारा. त्या अडीच तासांसाठी भोकांच्या खुणा आदल्या रात्रीच पेन्सिलीने करून ठेवायच्या.

भोक पाडताना भिंत बोलते, हे मला फार उशिरा कळलं. लाल भुकटी आली तर वीट, पांढरी आणि मऊ आली तर सिपोरेक्स, राखाडी येऊन ड्रिल पुढे सरकेनासं झालं तर काँक्रीट: म्हणजे खांब किंवा तुळई, तिथून हात मागे घ्यायचा. सिपोरेक्समध्ये हॅमर बंद ठेवून भोक पाडावं आणि लांब नायलॉनचा प्लग वापरावा, नाहीतर महिन्याभरात फळी स्क्रूसकट हातात येते. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही. वायरीची नळी बहुतेक तिथूनच जाते. आमचं हार्डवेअर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून येतं. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकली की आजोबांच्या पिढीतला एखादा बिडाचा शिकंजाही मिळतो, त्याची गरज असो वा नसो.

धुळीबद्दल मात्र गंमत करवत नाही. आमच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर आणि दारांवर जुना ऑइल पेंट होता, पिवळा आणि तपकिरी. नवरा ग्राइंडरला घासणीची चकती लावून उभा होता, तेवढ्यात माझ्या डॉक्टर मैत्रिणीचा फोन आला आणि मी सहज बोलून गेले. ती जवळपास ओरडलीच. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम केंद्राने 2016 साली काढले आणि ते 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांमध्ये, शिसं भरपूर असू शकतं, कारण त्या झगझगीत रंगांसाठी लेड क्रोमेट वापरलं जाई. रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हाताने गोळा करतं आणि हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही.

तेव्हा 2018 च्या आधी रंगवलेल्या घरात जुना ऑइल पेंट शाबूत असेल, तर उत्तम उपाय म्हणजे त्याला न छेडणं. वरून प्रायमर आणि नवा रंग. पोपडे निघतच असतील तर यंत्र नको, जाळून रंग काढणं नको. दुकानात ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो पाण्यात भिजवून हाताने घासायचा, खाली प्लास्टिक, दार बंद, तोंडाला एन-95 मास्क. झाल्यावर केरसुणी लावायची नाही, ती धूळ पुन्हा हवेत उडवते. ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. त्या दिवशी मुलं घरात नकोत, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तीही नको. गॅलरीवरचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे तर कापायचे नाहीत आणि भोकही पाडायचे नाहीत.

बाकी धोके साधे असतात, म्हणूनच नजरेतून सुटतात. रंगाची वीस लिटरची बादली रिकामी झाली की आपण तिच्यात पाणी भरून ब्रश बुडवून ठेवतो. चालायला शिकणारं मूल डोकं जड असल्यामुळे तिच्यात उलटं पडतं, आणि चार बोटं पाणीही त्याचा जीव घ्यायला पुरतं. टर्पेंटाइन किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. मुलाने ते प्यायलंच, तर उलटी करायला लावायचं नाही, कारण ते फुप्फुसात उतरतं; तडक दवाखाना गाठायचा. आणि कपाटं भिंतीला बांधायची. 2016 साली अमेरिकेत आयकियाने ड्रॉवरची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली. मुलं खालचे ड्रॉवर उघडून त्यांचा जिना करत होती, कपाट अंगावर येत होतं, आणि त्यात मुलं दगावली होती. आपल्या घरातल्या ड्रॉवरच्या कपाटालाही एक एल-पट्टी आणि दोन स्क्रू एवढंच लागतं.

आपल्याकडे घरदुरुस्तीचा एक खास मुहूर्त आहे, तो पंचांगात नाही. बायको बाळंतपणाला माहेरी गेली की. घर तीन महिने रिकामं, नवऱ्याच्या अंगात उत्साह, आणि परत येईल तेव्हा तिला चकित करायची हौस. मोठीच्या वेळी मी नाशिकला होते. परत आले तर स्वयंपाकघरात नवी कपाटं, चुंबकाची कुलपं, उंचावर सुंदर फळ्या. त्यातलं एकही दार एका हाताने उघडत नव्हतं. पहिलं वर्षभर आईचा दुसरा हात मोकळा नसतो, हे ज्याने कपाटं लावली त्याला कसं कळावं? ती सगळी मी पुढच्या सहा महिन्यांत उतरवायला लावली. आता नवीन काहीही बसवलं की डाव्या हातात सात किलो तांदळाची पिशवी धरून ते उघडून बघायचं, असा आमच्या घरचा दंडक आहे. सासरे अजून हसतात.

या निमित्ताने जरा कडू बोलते. नवरा ड्रिल घेऊन उभा राहिला की तो “घराचं काम करतोय” आणि सगळं घर त्याला चहा नेऊन देतं. मी तेवढाच वेळ दोन मुलांना त्या खोलीबाहेर थोपवून धरलेलं असतं, त्याला मात्र काम म्हणत नाहीत. आम्ही यावर भांडलो, बरंच. मग मी ड्रिल शिकले, तो थोपवायला शिकला. थोपवणं अवघड आहे हे त्याने दुसऱ्याच रविवारी कबूल केलं.

काही कामांना आम्ही हात लावला नाही. वायरिंग परवानाधारक वायरमनकडे. त्याच्याकडून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र हट्टाने बसवून घेतला, कारण धाकट्याची बोटं प्लगकडेच जातात. गॅसच्या पाइपला अर्थातच नाही. बाथरूमलाही नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूम-सिंकमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो, आणि आमच्या खालच्या काकांना उपविधी तोंडपाठ आहेत. कारागिराने वॉटरप्रूफिंग केल्यावर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, काकांना छत बघायला लावलं, मगच फरशी बसवली. भिंत पाडून हॉल मोठा करायचा मोह होता. 25 जुलै 2017 ला घाटकोपरमध्ये साईदर्शन ही इमारत कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडेच बोट दाखवलं गेलं होतं. मोह गेला.

आणि मुहूर्त. दिवाळीआधी रंग ही आपली रूढी मातीच्या आणि चुन्याच्या भिंतींच्या काळातली. चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो. प्लास्टिक पेंट तसा नाही, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही भिंती भिजवून जातो. ओल्या भिंतीवर मारलेला रंग होळीपर्यंत पोपड्यांनी सुटतो. खात्री करायची तर भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर थांबा. आम्ही हॉल आता उन्हाळ्यात घेणार आहोत. सासूबाईंना ते पटलेलं नाही, त्यांनी दारापुढे गेरू लावून आपली बाजू सांभाळली आहे.

यंदा दिवाळीसाठी एकच काम उरलंय: गॅलरीत आकाशकंदिलाचा हुक. खूण मोठीने स्वतः केली आहे, स्टुलावर चढून, त्यामुळे ती माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. खोडरबर सापडत नाहीये. उद्या अकरा वाजता, ती बालवाडीत असताना, दोन फूट वर भोक पाडायचं आणि संध्याकाळी तिला काय सांगायचं ते ठरवायचं.