काखेत कळसा अन् संगणकाला वळसा

सोलापूरची ओळख चादरी आणि गिरण्यांमुळे असली, तरी देवनागरी ग्रंथांच्या प्रकाशनातही या शहराने मोलाची भर घातली आहे. येथील जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केलेले प्राकृत-संस्कृत ग्रंथ अभ्यासक आजही धुंडाळत असतात. अशा जुन्या छापील पानांचे संगणकीय मजकुरात रूपांतर करायचे असेल, तर 'टेसरॅक्ट' हा मोफत प्रोग्राम हाताशी आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ च्या सुमारास त्याच्यावर काम सुरू झाले आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. मराठी आणि संस्कृत अक्षरे ओळखण्यासाठी लागणाऱ्या फाइलीही त्याच्यासोबत मिळतात. मात्र टेसरॅक्टला स्वतःची खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच त्याच्याकडून काम करून घ्यावे लागते. म्हणून पुष्कळ जण बटणे असलेला दुसरा एखादा प्रोग्राम घेतात आणि तो पडद्याआडून टेसरॅक्टला कामाला लावतो.

गाडे अडते ते इथेच. समजा, सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी टेसरॅक्ट संगणकावर घेतले. टर्मिनलमध्ये आज्ञा देताच पान वाचले गेले. मग त्याने बटणांच्या प्रोग्रामचे आयकॉन क्लिक केले, तर संदेश आला : 'टेसरॅक्ट इन्स्टॉल केलेले नाही.' तो ते पुन्हा इन्स्टॉल करतो. संदेश तोच. मग दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी आवृत्ती उतरवून घेतो. प्रकल्प सादर करायला दोन दिवस उरलेले असताना कोणीतरी संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला देतो, आणि बिचारा तोही मानतो. एवढे करून संदेश तोच राहतो, कारण मुळात प्रोग्राम कधी हरवलेलाच नव्हता.

'नाही' आणि 'सापडले नाही' ही दोन अगदी निराळी विधाने आहेत. संगणकाला खात्रीने एवढेच म्हणता येते, की सांगितलेल्या ठिकाणी शोधले, तेथे ही फाइल मिळाली नाही. पण सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळदा घाईने पहिलेच विधान छापून मोकळे होतात आणि त्याचा भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो. कोठे कोठे शोधले हे त्याच संदेशात सांगितले असते, तर निम्मा मनस्ताप वाचला असता.

'सांगितलेली ठिकाणे' म्हणजे काय? संगणकावर हजारो फोल्डर असतात. प्रत्येक आज्ञेसाठी सगळी डिस्क चाळणे परवडणारे नसते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक चालू प्रोग्रामजवळ फोल्डरांची एक छोटी यादी देऊन ठेवते. तिचे नाव 'पाथ', म्हणजे वाट. शोध या यादीच्या क्रमानेच होतो. पहिल्या फोल्डरात नाव जुळले तर तेच उचलायचे, नाहीतर पुढच्यात पाहायचे. यादी संपली की शोध संपला.

टपाल वाटायला नव्याने आलेल्या माणसाच्या हातात चार नावांची चिठ्ठी आहे असे मानू : मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, नवी पेठ. पत्र जुळे सोलापुरातल्या घरचे आहे. तो चारही पेठा इमानेइतबारे पालथ्या घालील आणि परत येऊन सांगेल, की या नावाचे घर नाही. त्याच कचेरीतल्या जुन्या पोस्टमनच्या चिठ्ठीवर मात्र पाचवी ओळ त्याने स्वतः लिहून घेतलेली आहे, त्यामुळे त्याचे पत्र बिनबोभाट पोहोचते. टर्मिनल हा जुना पोस्टमन, तर आयकॉनवरून सुरू झालेला प्रोग्राम हा नवा.

दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या का मिळतात, याचे उत्तर वारशात आहे. संगणकावर एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो आणि जन्मताना आपल्या यादीची प्रत त्याच्या हाती ठेवतो. ही प्रत असते, मूळ कागद नव्हे. पुढे आईने आपल्या यादीत भर घातली तरी आधीच जन्मलेल्या मुलाला ती कळत नाही. मुलाने घातलेली भर तर आईपर्यंत कधीच पोहोचत नाही.

ही रचना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. स्टीफन बोर्न यांनी लिहिलेल्या तिच्या शेलमध्ये वारशाने उतरणाऱ्या अशा नोंदी रूढ झाल्या. शेल म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा ऐकून घेणारा प्रोग्राम. त्या काळी संगणकात शिरण्याचा दरवाजा एकच होता. लॉगिन केले की शेल सुरू होई, तो आपली आरंभ-फाइल वाचून यादी तयार करी, आणि पुढचे सारे प्रोग्राम त्याच्याच पोटी जन्मत. चिठ्ठी एकच असल्याने घोटाळ्याला जागा नव्हती. पुढे चित्रमय डेस्कटॉप आला आणि घराला दुसरा दरवाजा फुटला. या दरवाजाने येणाऱ्याची शेलशी गाठच पडेल असे नाही.

मॅकवर हे सर्वांत ठसठशीतपणे दिसते. आयकॉनवरून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना तेथे 'लाँचडी' ही मूळ प्रक्रिया जन्म देते, आणि तिच्या यादीत मुळात चारच फोल्डर असतात, सगळे ॲपलच्या स्वतःच्या सामानाचे. 'होमब्रू'मार्फत आणलेले टेसरॅक्ट मात्र इंटेल मॅकवर एका वेगळ्या फोल्डरात आणि २०२० पासून आलेल्या ॲपल सिलिकॉन मॅकवर आणखी तिसऱ्याच फोल्डरात जाऊन बसते. त्याचा पत्ता शेलच्या आरंभ-फाइलमध्ये लिहिलेला असतो. ती फाइल शेल वाचतो, लाँचडी वाचत नाही.

लिनक्सवर गोष्ट थोडी सौम्य आहे. उबंटूसारख्या प्रणालीत डेस्कटॉपवर लॉगिन करताना 'प्रोफाइल' नावाची फाइल सहसा वाचली जाते, परंतु 'बॅशआरसी' नावाची फाइल फक्त टर्मिनलसाठी राखीव असते. अनेक मार्गदर्शिका यादीतली भर नेमकी याच दुसऱ्या फाइलमध्ये घालायला सांगतात. आणखी एक गंमत अशी, की वापरणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोग्रामांचा फोल्डर लॉगिनच्या क्षणी अस्तित्वात असेल तरच उबंटू तो यादीत घेते. आज पहिल्यांदाच तो तयार झाला, तर पुढच्या लॉगिनपर्यंत तो यादीबाहेरच राहतो.

विंडोजमध्ये यादी एका मध्यवर्ती नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत असते. तेथे अडचण दुहेरी आहे. टेसरॅक्टचा प्रचलित इन्स्टॉलर आपला फोल्डर यादीत आपणहून घालत नाही. आणि तो हाताने घातला, तरी आधीपासून उघडे असलेले प्रोग्राम जुनीच प्रत बाळगून बसतात. 'एकदा बंद करून चालू करा' या सल्ल्याची कितीही थट्टा होवो, इथे तो शास्त्राला धरून आहे.

उपाय साधा आहे. टर्मिनलमध्ये 'विच' ही आज्ञा आणि पुढे प्रोग्रामचे नाव दिले, की त्याचा संपूर्ण पत्ता मिळतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम 'व्हेअर' करते, पण फोल्डर यादीत असला तरच. नसेल, तर इन्स्टॉल करताना निवडलेला फोल्डर पाहावा लागतो. हा पत्ता बटणांच्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये चिकटवला, की यादीची गरजच उरत नाही. निदान पक्के करायचे असेल, तर लिनक्सवर किंवा विंडोजवर तो प्रोग्राम आयकॉनऐवजी टर्मिनलमधून सुरू करून पाहावा. तसा तो चालला, तर दोष यादीचाच होता. काही चतुर प्रोग्राम, उदाहरणार्थ 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड', आयकॉनवरून सुरू होताच पडद्याआड एक शेल उघडून त्याची यादी मागून घेतात.

मग ऑपरेटिंग सिस्टीमच सर्वांना शेलची यादी का देत नाही? आरंभ-फाइल म्हणजे शेवटी वापरणाऱ्याने लिहिलेला प्रोग्रामच. तो अडकला, तर सारा डेस्कटॉप त्याच्यासाठी खोळंबेल. शिवाय पहिले सापडेल ते उचलायचे असा नियम असल्याने, यादीच्या आरंभी कोणीही लिहू शकेल असा फोल्डर असणे धोक्याचे असते. खऱ्याच्या नावाचा खोटा प्रोग्राम तेथे आणून ठेवता येतो. त्यामुळे आखूड यादीत तथ्य आहे, संदेशाच्या शब्दांत मात्र नाही. घाईघाईने पुन्हा इन्स्टॉल केलेल्या दोन आवृत्त्यांचेही असेच होते. टर्मिनलला एक मिळते, आयकॉनला दुसरी, आणि एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचले जाते.

टेसरॅक्टच्या बाबतीत एक पायरी आणखी उरते. मराठीच्या फाइली नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे ठेवल्या असतील, तर त्यांचा पत्ताही अशाच एका वारशाच्या नोंदीत दिलेला असतो. ती नोंद फक्त शेलच्या आरंभ-फाइलमध्ये असेल, तर प्रोग्राम सापडल्यावर लगेच नवा संदेश येतो, की मराठी भाषा उपलब्ध नाही. तेव्हाही काही उतरवून न घेता सेटिंग्जमध्ये त्या फोल्डरचा संपूर्ण पत्ता लिहावा, आणि ती सोय नसेल तर त्या फाइली टेसरॅक्टच्या मूळ फोल्डरात हलवाव्यात.