घरातला तराजू ताटापर्यंत आणा

शेतकऱ्याच्या घरात मोजमापाला तोटा नाही. भात विकायचे तर पोते काट्यावर चढते. खत मोजून पडते. दुभत्या गाईला आंबोण किती द्यायचे ते ठरलेले असते. डेअरीत दूध मापाने घेतात आणि फॅट बघून भाव लावतात. मोजायचे राहते ते एकच. आपल्या स्वतःच्या ताटात रोज किती पडते, हे कोणी मोजत नाही.

पूर्वी असे नव्हते. आपल्या आज्या-पणज्या कणगीतून तांदूळ काढत तो मापानेच. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. इतक्या माणसांना इतके चिपटे, हा हिशेब त्यांच्या तोंडी असे. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले. जुनी मापे अडगळीत गेली, पण त्यांच्या जागी स्वयंपाकघरात ग्रॅमची वजने काही आली नाहीत. त्या जागी आला अंदाज. आणि अंदाज नेहमी चढताच असतो.

काम बदलले, ताट तेच राहिले

मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीचेच उदाहरण घेऊ. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडले की हे गाव लागते. मुळशी म्हणजे भाताचा मुलूख. इथला आंबेमोहर नावाजलेला. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी हा वाण दिला, तोही इथल्या खाचरांत रुजला. त्यामुळे या भागातले जेवण म्हणजे ताटात भाताचा ढीग, वर आमटी, शेजारी भाकरी. हे जेवण चुकीचे नव्हते. ज्या कामासाठी ते होते, ते काम तेवढे मोठे होते.

जरा हिशेब करून बघा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. नांगराचे तास वीतभर रुंद धरले, तर बैलांमागे एक एकर नांगरायला सुमारे अठरा किलोमीटर चालावे लागे, तेही ढेकळांतून, नांगर दाबून धरत. आज पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टर ते काम थोडक्यात उरकतो. पिरंगुट परिसरात कारखाने आले. घरातला एक मुलगा कंपनीत जातो, दुचाकीवर जातो आणि दुचाकीवर येतो. दळण गिरणीत, पाणी नळाला. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण ताट मात्र आजोबांच्याच मापाचे राहिले.

शरीराची गरज कामावर ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० उष्मांक लागतात, तर अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला ३४७०. बाईला बैठ्या कामात १६६० आणि जड कामात २७२०. म्हणजे नांगर सोडून खुर्चीवर बसलेल्या माणसाची गरज तेराशेहून अधिक उष्मांकांनी उतरली. ताट उतरले नाही, तर उरलेले जाते कुठे? पोटावर.

काटकुळी शरीरे आणि पोटावरची चरबी

"आमच्यात कोणी जाड नाही, आम्हाला कशाला वजनकाटा?" असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्यातच झालेले एक काम ध्यानात घ्यावे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान, हातापायांनी काटकुळी. पण चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने कमी नव्हते. वरून बारीक आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा बांधाच निघाला. पुढे मधुमेहाला हाच बांधा वाट करून देतो.

डॉ. याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचाच दाखला दिला. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

म्हणून केवळ वजनावर जाऊ नका. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली असेल, तर अंगकाठी बारीक दिसली तरी सावध व्हायला हवे.

आधी शिधा मोजा, मग ताट

आता मुख्य अडचण. आपल्याकडे जेवण मोजून वाढणे म्हणजे कद्रूपणा समजतात. सुनेने सासऱ्याच्या ताटातला भात काट्यावर ठेवला, तर घरात काय होईल ते सांगायला नको! आणि ती भावनाही खोटी नाही. ज्या घरांनी दुष्काळ आणि ओढग्रस्त पाहिली, त्यांना भरलेले ताट हीच माया वाटते.

तेव्हा ताटापासून सुरुवात करूच नका. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. सेलवर चालतो आणि ग्रॅमपर्यंत दाखवतो. तो चुलीशेजारी ठेवा आणि कच्चा शिधा मोजा. वाण्याच्या दुकानात तेलाच्या भांड्याचा आधी धडा करतात ना, तसाच इथे रिकामे पातेले काट्यावर ठेवून बटण दाबायचे. आकडा शून्यावर येतो. मग तांदूळ घाला. दिसेल ते नुसत्या तांदळाचे वजन.

पहिले आठ दिवस जेवणात काहीही बदल करू नका. फक्त वहीत लिहा: आज तांदूळ किती, पीठ किती, डाळ किती.

समजा, घरात पाच मोठी माणसे आहेत. दोन वेळचा मिळून तांदूळ ९०० ग्रॅम आणि भाकरी-पोळीचे पीठ ११०० ग्रॅम निघाले. म्हणजे माणशी ४०० ग्रॅम धान्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेला २००० उष्मांकांचा दिवसाचा आहार असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सर्व वजने कच्च्या मालाची आहेत, शिजलेल्या अन्नाची नव्हेत. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीन-तीनशे ग्रॅमपर्यंत होतो, हे विसरलात तर हिशेब पार चुकेल.

आता वहीशी ताडून बघा. बहुतेक घरांत धान्य जास्त आणि डाळ-भाजी कमी निघेल. पाच माणसांना दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम डाळ-कडधान्य हवे. अंडी-मटण खाणाऱ्यांच्या घरी त्यातले काही त्यावर भागते. तुमच्या पातेल्यात किती पडते? बरे, "भात सोडला, आता भाकरीच खातो" असे म्हणूनही भागत नाही. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५५ उष्मांक, तर शंभर ग्रॅम ज्वारीत ३३५ आणि बाजरीत ३५०. फरक आहे तो चोथ्याचा. तांदळात तो तीन ग्रॅमच्या आत, ज्वारी-बाजरी-नाचणीत दहा-अकरा ग्रॅम. म्हणून भाकरीने पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. पण मोजायची ती भाकरीही.

तेल आणि साखर महिन्यावर मोजा

फोडणीचे तेल रोज मोजत बसणे कोणाला जमणार? त्याला सोपी युक्ती आहे. महिन्याच्या किराण्यावर मोजा. माणशी २७ ग्रॅम धरले, तर पाच माणसांना महिन्याला चार किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. पिशव्या मोजा, कळून येईल. तेलाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक असतात, धान्याच्या दुपटीहून जास्त. हात आखडायचा तो आधी इथे.

साखर आणि गूळ मिळून माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो झाले. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, आणि दिवसात पाच चहा म्हणजे पन्नास ग्रॅम. चहातच दुप्पट होते!

ज्याला उतरायचे आहे त्याने

दुसऱ्या आठवड्यात, ज्याचे वजन जास्त आहे त्याने आपले ताट स्वतः मोजावे. दुसऱ्याने मोजले की भांडण, स्वतः मोजले की शिक्षण. रिकाम्या ताटाचा धडा करा, भात वाढा आणि आकडा बघा. नेहमीच्या भातातून चौथा हिस्सा काढा आणि ती जागा भाजी-कोशिंबिरीने भरा. घरातल्या वाटीत किती ग्रॅम भात बसतो ते एकदा बघून ठेवा. भाकरीचे वजन काढायला पीठ मोजून मळा आणि भाकऱ्यांच्या संख्येने भागा. साठ ग्रॅमची की शंभरची, हे घराघरात वेगळे असते.

दिवसाला शंभर ग्रॅम धान्य कमी केले, तर साडेतीनशेच्या आसपास उष्मांक वाचतात. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरवू नये. उपाशी राहून झटपट उतरवलेले वजन झटपट परतते. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर करावे. रोज बघाल तर नुसता जीव टांगणीला लागेल.

पंधरा-वीस दिवसांत डोळा तयार होतो. मग काटा फडताळात ठेवून द्या आणि महिन्यातून एकदा काढून डोळ्याची परीक्षा घ्या. जन्मभर काट्यावर जेवायचे नाही. जुन्या बायकांना चिपट्याने जी नजर दिली, तीच परत मिळवायची आहे. आणि लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात काम असेल, तेव्हा ताट वाढलेच पाहिजे. माप कामाप्रमाणे हलते ठेवा.

काटा दोन्हीकडे झुकतो

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोजमाप केवळ कमी करण्यासाठी नसते. कधी एकदा सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेचे ताट काट्यावर ठेवून बघा. पातेल्याच्या तळाची आमटी, उरलीसुरली भाजी, दूध तर नाहीच. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात असे आढळले होते, की ज्या गरोदर बाया पालेभाजी, दूध आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे वजनाने चांगली भरत. म्हणजे एका ताटातला चौथा हिस्सा भात काढायचा, तसा दुसऱ्या ताटात डाळ, पालेभाजी आणि पेलाभर दूध घालायचे. हेही काट्याचेच काम आहे.

म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढती मुले आणि अशक्त म्हातारी माणसे यांचे अन्न कमी करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण घटवू नका. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. आशाताईंना विचारा आणि घरातल्या सगळ्यांची करून घ्या.

मळणी झाली की आपण पोती मोजतो आणि किती विकायचे, किती ठेवायचे ते ठरवतो. ठेवलेले धान्य घरात कोणाच्या वाट्याला किती येते, हेही एकदा मोजा. येत्या सोमवारी तांदूळ धुण्याआधी पातेले काट्यावर ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहा. एवढ्याने सुरुवात झाली.