मुलं पळवणारी यक्षीण

अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. जळगावहून फर्दापूर जेमतेम ६० किलोमीटर. सहल गेली की सगळे आधी १ नंबरच्या लेण्यात घुसतात, पद्मपाणीचं चित्र पाहतात आणि पुढं पळतात. आमच्या चौथीतली एक मुलगी मात्र २ नंबरच्या लेण्यात थबकली. आत उजव्या हाताला एक छोटी खोली आहे. तिथं मांडीवर मूल घेतलेली एक बाई आणि शेजारी तिचा नवरा, अशा दोन भल्यामोठ्या मूर्ती.

"बाई, हाई कोनती देवी शे?"

देवी नाही गं, यक्षीण! तिचं नाव हारिती, नवऱ्याचं पंचिक. ही हारिती राजगृह नगरातली मुलं पळवायची आणि खायची. तिला स्वतःची ५०० मुलं होती बरं का! लोक रडत बुद्धांकडे गेले. बुद्धांनी तिचं सर्वांत धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली झाकून ठेवलं. हारिती वेड्यासारखी सगळीकडे शोधत फिरली आणि शेवटी बुद्धांसमोर आली. ते म्हणाले, ५०० पैकी एक हरवलं तर तुझी ही दशा, मग ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय? तिनं मुलांना हात न लावण्याचं वचन दिलं. पण मग माझी मुलं खातील काय, हेही तिनं विचारलं. रास्तच प्रश्न! तेव्हा भिक्षू रोज जेवणाआधी तुझा घास काढून ठेवतील, असं ठरलं. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशानंही लिहून ठेवलंय, की विहारांत हारितीचं चित्र असायचं आणि तिच्यापुढं रोज अन्न ठेवलं जायचं.

आता तुम्ही म्हणाल, बुद्धांच्या लेण्यात यक्षिणीचं काय काम? त्यासाठी जरा आपल्या शिवारात चला. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, त्या आसरा. बांधावर म्हसोबा. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. दोन हजार वर्षांपूर्वीही असंच होतं. झाडात यक्ष, पाण्यात नाग. भिक्षू उपदेश करत या डोंगरांत आले, तेव्हा इथले लोक याच देवतांना भीत होते आणि पूजतही होते. नव्या धर्मानं जुन्या देवतांना हाकलून दिलं असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही. त्यांनी त्यांना कामाला लावलं!

चाळीसगावच्या दक्षिणेला, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांच्याच काळातली. तिथं दाराशी भालेवाले यक्ष पहारा देतात. तिथंच सापडलेला एक बुटका, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास. हा होता सोनार! अजिंठ्याला १६ नंबरच्या लेण्याच्या पायऱ्या चढताना नागराजा बसलेला दिसतो. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं ते लेणं खोदवून घेतलं आणि तिथल्या शिलालेखात नागराजाच्या घराचा उल्लेख करायला तो विसरला नाही.

पुढं आठव्या शतकात दूर तिबेटात हेच घडलं. राजा त्रिसोंग देचेननं नालंदेचे पंडित शांतरक्षित यांना बोलावलं. साम्ये इथं विहार बांधायला घेतला, तर दिवसा बांधलेलं रात्री भुतं पाडून टाकत, अशी तिथली कथा आहे. मग पद्मसंभव आले. त्यांनीही भुतांना मारलं नाही, धर्माची राखण करण्याची शपथ घ्यायला लावली. तिबेटी विहारांत आज दिसणाऱ्या उग्र चेहऱ्याच्या रक्षकदेवता बऱ्याचशा त्यांतल्याच.

हे सगळं मी सांगत होते, पण ती मुलगी हारितीपासून हलेना. तिचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी तापानं गेला होता. आसरांची बाधा, असं आजी म्हणायची. ताप आला की आधी दवाखाना, हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. तिथं मात्र ते बोलवेना.

"मंग बाई, आधी नेलेली पोरं तिनं परत दिली का?"

गोष्टीत तसं नाही, मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली वाकली. मूर्तींच्या पायाशी मुलांची एक रांग कोरलेली आहे, तुम्ही गेलात तर नक्की बघा. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी आहेत. जवळची मुलं अभ्यास करताहेत आणि मागच्यांचा नुसता खेळ चाललाय. १५०० वर्षांपूर्वीची शाळा!

"बाई," शेवटच्या पोरावर बोट ठेवत ती म्हणाली, "हा आमच्या भाऊसारखा शे."